नव्या लॅबवाल्याला: टायफॉइडच्या पट्टीबद्दल

खानापूर तालुक्यात तू आता लॅब सुरू करतोयस, म्हणून सांगते. पावसाळ्यात रोज कुणी ना कुणी तापाचं पोर घेऊन येणार आणि म्हणणार, "ताई, टायफॉइड हाय काय बघा की." पट्टीवर पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटते खरी, पण तेवढ्यावर निदान ठरत नाही. ही पट्टी जंतू दाखवत नाही. जंतूंशी लढायला अंगात तयार झालेली प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं, दाखवते. ती तयार व्हायला दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली तरी टायफॉइड नाही असं म्हणू नकोस.

2017 च्या कॉक्रेन आढाव्यात (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) टायफिडॉट या अशाच झटपट तपासणीची संवेदनशीलता सरासरी 84 टक्के आणि विशिष्टता 79 टक्के निघाली. म्हणजे खऱ्या शंभर रुग्णांतले सोळा सुटतात, आणि टायफॉइड नसलेल्या शंभरांतल्या एकवीस जणांना उगीच पॉझिटिव्ह ठरवलं जातं. एवढ्यांच्या पोटात नाहक अँटिबायोटिक जातं, याचं मला फार वाईट वाटतं. विडाल ही प्रतिपिंडांचीच जुनी रक्ततपासणी तर 1896 पासूनची. एकाच नमुन्यावर तिचाही भरवसा धरू नये.

ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधीच घ्यायचं. लहान मुलांचं रक्त कमी मिळतं, तिथे जंतू हाती लागणं अवघड. मोठ्यांतही बरेच रुग्ण सुटतात. पण कुठलं औषध लागू पडेल हे कल्चरमधूनच कळतं. सोय नसेल तर नमुना बेळगावला पाठव, आणि बाटली फ्रिजमध्ये अजिबात ठेवू नकोस.

रिपोर्टवर तापाचा कितवा दिवस ते लिही. आधी गोळ्या घेतल्यात का, हेही विचार.