कातरलेल्या कडांची फुलपाखरे

प्रश्न : आमच्या कोपरीतील इमारतीमागे मोकळ्या जागेत एरंड माजला आहे. तेथे विटकरी रंगाचे एक फुलपाखरू नेहमी दिसते. त्याच्या पंखांच्या कडा वेड्यावाकड्या कातरल्यासारख्या आहेत. पक्ष्याने चोच मारली असेल असे आधी वाटले, पण नंतर तशीच आणखी तीन दिसली. अशा फुलपाखरांना काय म्हणतात?
— एक वाचक, ठाणे (पूर्व)

उत्तर : आपल्या फुलपाखराचा पत्ता आपल्याच पत्रात आहे, तो म्हणजे एरंड. त्याच्या अळ्या एरंडाची पाने खाऊन वाढतात आणि म्हणूनच इंग्रजीत त्याला ‘कॅस्टर’ हे नाव मिळाले. आपल्याकडे याच्या दोन जाती आढळतात. ‘कॉमन कॅस्टर’च्या पंखांवरील गडद रेघा नागमोडी असतात, तर ‘अँगल्ड कॅस्टर’च्या रेघा त्यामानाने सरळ आणि पंखांच्या कडा अधिक कोनदार असतात. कडा इतक्या ठळकपणे नजरेत भरल्या, त्या अर्थी आपले फुलपाखरू दुसऱ्या जातीचे असण्याची शक्यता जास्त. मात्र निर्णय रेघा पाहूनच करावा. दोन-चार वेळा पंख हलवून तरंगत जायचे आणि पुन्हा त्याच झुडपावर पंख पसरून बसायचे, अशी दोघांचीही सवय असल्यामुळे निरीक्षणाला सवड मिळते.

चोचीची शंका मात्र रास्त आहे. दोन्ही बाजूंचे पंख सारखेच कातरलेले असले म्हणजे ती कड उपजत, असे पुष्कळांना वाटते. पण पंख मिटून बसलेल्या फुलपाखराला पक्ष्याने चोच मारली, तर घडी घातलेला कागद कापावा तसे दोन्हीकडे एकसारखे तुकडे निघतात. म्हणून कडेलगतची रेघ पाहावी. कड उपजत वाकडी असेल, तर ती रेघही तिच्याबरोबर वळणे घेत जाते. पंख फाटलेला असेल, तर रेघ मध्येच तुटते.

अशा कडांच्या सर्व फुलपाखरांना मिळून एकच मराठी नाव रूढ नाही. इंग्रजीत ‘अँगलविंग’ म्हणतात ती ‘पॉलिगोनिया’ या प्रजातीतील फुलपाखरे होत, आणि या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘अनेक कोनांचे’ असा आहे. त्यांपैकी ‘कॉमा’ हे हिमालयात आढळते. मिटलेल्या पंखावरील स्वल्पविरामासारख्या पांढऱ्या खुणेवरून त्याला ते नाव पडले. ठाण्यात त्याची वाट पाहू नये.

येऊरच्या जंगलात मात्र या प्रकाराचा खरा उस्ताद राहतो, तो ‘ब्लू ओकलीफ’. त्याची अळी कारवीवर वाढते. पंख उघडले की निळाई झळकते आणि मिटले की हातात उरते एक वाळके पान : टोकदार अग्र, मधोमध शीर, बुरशीचे ठिपके आणि मागच्या पंखाच्या शेपटीचा देठ. कोनदार कडांचा उपयोग येथे नीट कळतो, कारण गोलसर कडेचे फुलपाखरू पाचोळ्यात फुलपाखरूच दिसले असते. संध्याकाळी दिव्याकडे येणाऱ्या ‘इव्हनिंग ब्राउन’चेही असेच आहे, पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूस डोळ्यांसारखे ठिपके ठसठशीत असतात, तर कोरड्या ऋतूत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि पंखांची टोके अधिक कोनदार होतात.

तूर्त एक विनंती : सोसायटीने साफसफाईत तो एरंड उपटायला काढलाच, तर निदान दोन-तीन झुडपे राखण्यास सांगावे.