'आय डोन्ट थिंक ही विल कम' या वाक्याला टॅग, म्हणजे शेवटी जोडायचा छोटा प्रश्न, कोणता? क्लासमध्ये 'डू आय' सांगितलं, गाइडमध्ये 'विल ही' छापलंय.

'विल ही'. गाइडचं बरोबर आहे.

'डू आय' सांगणाऱ्यांनी तक्ता पाठ केलाय, वाक्य वाचलेलं नाही. तक्ता सांगतो: पहिलं सहायक क्रियापद उचला, होकार-नकार उलटवा, कर्त्याचं सर्वनाम जोडा. पहिलं हाताला लागतं 'डोन्ट', झालं 'डू आय'. अहो, पण मला काय वाटतं हे मी समोरच्याला कशाला विचारेन? विचारायचंय तो येणार का ते. 'आय थिंक', 'आय सपोज', 'आय बिलीव्ह' हे अशा वाक्यात नुसतं पालुपद असतं. खरं विधान मागच्या उपवाक्यात असतं, म्हणून कर्ता आणि क्रियापद तिथून घ्यायचं. नकार 'डोन्ट'वर जाऊन बसलाय, पण अर्थ 'ही वोन्ट कम' हाच. म्हणून टॅग होकारी. 'आय थिंक ही विल कम' असतं तर 'वोन्ट ही' आलं असतं.

कर्ता 'आय' नसला की हे लागू नाही. 'यू थिंक ही विल कम' ला 'डोन्ट यू', 'शी सेज ही विल कम' ला 'डझन्ट शी'.

खरे मार्क जातात ते वेगळीकडेच. ॲपॉस्ट्रॉफीनंतरचा 'डी' दिसला की पोरं डोळे मिटून 'हॅडन्ट' लिहितात. पुढे काय आहे ते बघा. 'बेटर' किंवा क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर 'हॅड', 'लाइक'सारखं मूळ रूप असेल तर 'वुड'. ॲपॉस्ट्रॉफी-एसचं तसंच: 'ही'ज गॉन' ला 'हॅजन्ट ही', पण 'ही'ज कॉल्ड राजा' ला 'इजन्ट ही', कारण ते कर्मणी आहे. 'शी पुट द की देअर' मध्ये 'पुट'ला एस नाही, म्हणजे भूतकाळ, म्हणजे 'डिडन्ट शी'. 'दे हॅव टू गो' ला 'डोन्ट दे'. 'हॅवन्ट दे' लिहिलं की मार्क गेलाच. 'हार्डली', 'सेल्डम', 'फ्यू' नकारी धरायचे, 'अ फ्यू' होकारी. 'नोबडी'ला टॅग होकारी आणि सर्वनाम 'दे': 'नोबडी कॉल्ड, डिड दे'. 'आय ॲम' ला 'आरन्ट आय'. 'ॲमन्ट' स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये बोलतात, आपल्या पेपरात लिहू नका.

टॅग म्हणजे एका मार्काचा प्रश्न, एवढंच शिकवणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. निम्मा टॅग सुरात असतो आणि तो वर्गात कुणी काढूनच दाखवत नाही. 'धिस ट्रेन स्टॉप्स ॲट कर्जत, डझन्ट इट'. शेवट वर नेला तर तुम्हाला माहीत नाही, तुम्ही खरंच विचारताय. खाली आणला तर माहीत आहे, शेजारच्याने फक्त मान डोलवायची. इंटरव्ह्यूत सगळेच टॅग वर नेणारा उमेदवार उगाच भेदरलेला वाटतो.

उत्तर देतानाही घोळ होतो. 'ही इजन्ट कमिंग, इज ही' असं विचारल्यावर आपण 'हो, येत नाहीये'च्या चालीवर 'येस, ही इजन्ट' म्हणतो आणि ऐकणारा बुचकळ्यात पडतो. येणार नसेल तर 'नो, ही इजन्ट', येणार असेल तर 'येस, ही इज'. प्रश्न कसा होता ते विसरा, वस्तुस्थिती बघा.

हां, एक राहिलंच. कट्ट्यावर कुणी प्रत्येक वाक्याला 'इजन्ट इट' जोडत असेल तर त्याला टोकू नका, आपसात ते चालतं आणि कळतंही. पेपरात आणि इंटरव्ह्यूत मात्र नको. आणि तुमच्या सरांनी चाचणीत 'डू आय'लाच मार्क दिला असेल तर त्यांना 'आय थिंक इट इज रेनिंग' ला टॅग विचारा. ते 'डोन्ट आय' म्हणणार नाहीत, 'इजन्ट इट'च म्हणतील.