रीबूट केला की चालतो, दुपारी पुन्हा गायब

तुमचा डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर दिवसातून दोन-तीनदा नेटवर्कवरून गायब होतो, रीबूट केला की येतो, केबल बदलली, नवं नेटवर्क कार्डही घातलं. पण खरी मेख तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ओळीत आहे: सर्व्हर 'पडलेला' असतानाही अकाउंट्सच्या एका पीसीवरून तो उघडत होता.

केबल तुटली तर सगळ्यांचंच बंद पडतं. एकाचं चालतं, शेजारच्याचं नाही, म्हणजे मला संशय येतो एकाच आयपीवर, म्हणजे नेटवर्कवरच्या एकाच पत्त्यावर, दोन यंत्रं बसल्याचा. कोणता आयपी कोणत्या मॅक अॅड्रेसचा (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), याची नोंद, जिला एआरपी नोंद म्हणतात, प्रत्येक पीसी स्वतःपुरती ठेवतो. ज्याच्या नोंदीत दुसरं यंत्र शिरलं, त्याच्यापुरता तुमचा सर्व्हर मेला. रीबूटनंतर सर्व्हर स्वतः एआरपी संदेश पाठवतो आणि नोंदी परत त्याच्याकडे वळतात. म्हणून वाटतं, रीबूटने दुरुस्त झालं. लिनक्सचा कर्नल आयपीव्ही४ मध्ये अशा भांडणाची तक्रार करत नाही, त्यामुळे डीमेसेज (कर्नलच्या संदेशांची यादी) कोराच.

पुढच्या वेळी बंद पडला की रीबूट करू नका. सर्व्हरची केबल उपटा आणि दुसऱ्या लिनक्स मशीनवरून त्याच आयपीला आर्पिंग करा, म्हणजे 'हा आयपी कोणाचा?' असं एआरपीने विचारणारी कमांड चालवा. (पिंग नको, फायरवॉल ते गिळू शकतो.) तरीही उत्तर आलं तर चोर सापडला. केबल काढणं शक्य नसेल तर आर्पिंगला (iputils-arping पॅकेजमधल्या) 'बी' पर्याय (-b) द्या, नाहीतर पहिलं उत्तर मिळताच ते त्या एकाशीच बोलत बसतं. मॅक अॅड्रेसच्या पहिल्या तीन जोड्यांवरून बहुतेक वेळा कंपनी कळते.

आमच्याकडे एका कारखान्यात सर्व्हर रोज सकाळी सहालाच जायचा. मी आठवडाभर क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) तपासत बसलो! निघालं गेटवरचं हजेरीचं मशीन. वॉचमन ते रात्री बंद करायचा, पहिल्या पाळीला चालू करायचा, आणि बसवणाऱ्याने त्याला सर्व्हरचाच आयपी हाताने देऊन ठेवला होता.

तुमच्याकडे राउटरचा डीएचसीपी पूल (तो यंत्रांना आपोआप वाटतो ते आयपी, इथे शेवटचा आकडा) २ ते २५४ आहे आणि सर्व्हरला ५० हाताने दिलाय, म्हणजे राउटर तोच ५० दुसऱ्यालाही देऊ शकतो. पूल १०० पासून सुरू करा. आधी ५० घेऊन बसलेलं यंत्र मात्र एकदा रीस्टार्ट करावं लागेल.

केबल काढल्यावर उत्तरच आलं नाही, किंवा केबल असताना फक्त सर्व्हरचाच मॅक दिसला, तर माझा अंदाज चुकला. मग बंद पडल्याच्या वेळेचा जर्नल (सिस्टीमचा लॉग) आणि ईथटूल या कमांडने दिसणारे नेटवर्क कार्डाच्या एररचे आकडे इथे टाका.