विमानावर बर्फ ‘साचतो’ की ‘धरतो’?

प्रश्न: विमानाच्या ‘आयसिंग’साठी बर्फ साचणे म्हणावे, जमणे की गोठणे? ‘डी-आयसिंग’ आणि ‘अँटी-आयसिंग’ या दोन्हींसाठी एकच मराठी शब्द चालेल का?

उत्तर: ‘साचणे’ उभ्या विमानापुरते ठीक. रात्रभर हिमवर्षाव झाला की पंखावर बर्फ साचतो. उड्डाणात घडते ते निराळे. ढगातले बारीक थेंब उणे १५-२० अंशांनाही पाणीच असू शकतात आणि विमानावर आदळताच गोठू लागतात. पंखाची पुढची कड, शेपटी, वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे तोंड, इथे हा बर्फ चिकटून वाढत जातो. जखमेवर खपली धरते, तसा तो ‘धरतो’. गोठते ते पाणी. ‘विमान गोठले’ असे कृपा करून लिहू नये. ‘जमणे’ चूक नाही, पण त्यात चिकटणे येत नाही.

थेंब बारीक असले तर जागीच गोठून पांढरा, खरखरीत, ठिसूळ थर होतो. थेंब मोठे आणि तापमान शून्याच्या थोडेच खाली असेल, तर पाणी आधी मागे पसरते, मग गोठते. हा पारदर्शक, जड आणि निघायला चिवट. याला ‘बर्फाचा लेप’ शोभतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: नाही. डी-आयसिंग म्हणजे धरलेला बर्फ काढणे, अँटी-आयसिंग म्हणजे धरूच न देणे. विमानतळावर टाइप-१ हा नारिंगी ग्लायकॉल-द्रव नोझलपाशी किमान ६० अंश गरम ठेवून फवारतात, बर्फ काढायला. त्यावर दाट, हिरवा टाइप-४ देतात, तो नवा बर्फ धरू देत नाही. टेकऑफच्या वेगाला वाऱ्याने हा थर निघून जातो, म्हणून आकाशात त्याचा भरवसा नाही. तिथे विमानातली यंत्रणा. एटीआर-७२ या पंख्याच्या प्रवासी विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेवरचे रबरी पट्टे, म्हणजे ‘बूट’, हवेने फुगून बर्फ तडकवतात: हे काढणे. पिटो नळीचा विजेवरचा हीटर: हे धरू न देणे. त्याला ‘बर्फ काढणारे यंत्र’ म्हटले की तो बर्फ दिसल्यावर लावायचा, असा उलटा अर्थ निघतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर-७२ पडले, ६८ जण दगावले. मोठ्या थेंबांमुळे बर्फाचा उंचवटा बुटांच्याही मागे धरला होता, जिथे तो काढायची सोयच नव्हती. पुढे बूट रुंद केले गेले.

लेखात डी-आयसिंगला ‘बर्फ काढणे’ आणि अँटी-आयसिंगला ‘बर्फरोध’ वापरा. ‘गोठणरोधक’ मात्र गाडीच्या रेडिएटरमधल्या द्रवासाठी राखून ठेवा.