पराटीची पानं भेंडीसारखी चिरली; २,४-डी म्हणजे नेमकं काय?

भाऊ, शेजारच्या ज्वारीत २,४-डी मारल्यावर तुमच्या पराटीची, म्हणजे कपाशीची, पानं भेंडीसारखी चिरली, हे रसायन काय आणि त्याच पंपानं पराटीवर फवारता येईल का, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून हा तणनाशकाचाच फटका आहे. व्हायरस समजून कीटकनाशकावर पैसे घालवू नका.

२,४-डी म्हणजे २,४-डायक्लोरोफिनॉक्सी ॲसिटिक आम्ल. शुद्ध असताना पांढरी भुकटी, साधारण १४० अंश सेल्सिअसला वितळणारी. ते बनवताना फिनॉलमध्ये क्लोरीन सोडला की तो त्याच्या बेंझीन कड्यावर (सहा कार्बनच्या रिंगणावर) २ आणि ४ या जागी बसतो. मग हे डायक्लोरोफिनॉल कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात मोनोक्लोरोॲसिटिक आम्लासोबत तापवतात. त्या आम्लाचा क्लोरीन लगेच सुटतो, त्याचं साधं मीठ होतं. कड्यावरचे दोन मात्र हलत नाहीत, कारण त्यांची इलेक्ट्रॉनजोडी कड्यात ओढली जाते आणि बंध घट्ट होतो. शेवटी हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की २,४-डी खाली बसतं.

आपल्या कामाचं आहे ते त्याचं आम्लपण. नुसतं आम्ल पाण्यात फार कमी विरघळतं. म्हणून बाजारात त्याचा सोडियम किंवा अमाइन क्षार येतो, नाहीतर अल्कोहोलशी जोडलेला ईस्टर. डब्यावर हे वाचाच! क्षार पाण्यात मिसळतो आणि फारसा उडत नाही. इथाइल ईस्टर मात्र उन्हात वाफ होऊन धुरा (शेताचा बांध) ओलांडतो, फवारणी संपल्यानंतरही. वनस्पतीत २,४-डी वाढीच्या संप्रेरकासारखं, म्हणजे ऑक्झिनसारखं वागतं. ज्वारी, गहू तगतात, रुंद पानांची झाडं वेडीवाकडी वाढतात. त्यातही कपाशी फारच हळवी, पंपात उरलेला अंशही तिला पुरतो.

म्हणून पंप वेगळाच ठेवा, हे माझं ठाम मत. तो जमतच नसेल तर आधी पाण्यानं खळखळून धुवा, मग पाण्यात अमोनिया मिसळून नळी-नोझलमधून सोडा आणि रात्रभर भरून ठेवा. अमोनियानं उरलेल्या आम्लाचा विरघळणारा क्षार होतो. सकाळी पुन्हा दोन-तीनदा धुवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका.

पराटी लगेच उपटू नका. उतारा असा काही नाही, पण फटका हलका असेल तर शेंड्याला नवी पानं नेहमीसारखी येतात. पात्या (फुलांच्या कळ्या) गळाल्या तरी नव्या पुन्हा धरतात, बहर मात्र लांबतो. शेंडाच वाळला असेल, तर त्या झाडावर आता खताचा खर्च करू नका.