सैनिक-चित्रकारांची पत्रे हाताळताना

सचित्र युद्धपत्रांच्या अभ्यासाला तुम्ही नव्याने लागला आहात, म्हणून पहिली विनंती हीच की चित्राला मजकुरापासून तोडून पाहू नका. पहिल्या महायुद्धात मशीनगन तुकडीत असलेला जर्मन चित्रकार ऑटो डिक्स आघाडीवरून पोस्टकार्डांवर चित्रे काढून पाठवीत असे, आणि तळहाताएवढ्या त्या जागेत चित्र कुठे थांबते व अक्षरे कुठे दाटी करतात, हे पाहण्यातच मला आजही सर्वाधिक आनंद मिळतो.

पाकीट मात्र कधीही टाकून देऊ नका, कारण सेन्सॉरमुळे पत्रात ठिकाणाचे नाव सहसा नसते आणि शिक्क्यांवरूनच तारीख व तुकडी उमगते.

त्या काळी बरीच पत्रे कॉपिंग पेन्सिलीने लिहिली जात. कोरडी असताना ती रेषा साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, पण पाण्याचा एक थेंब पडला की जांभळी होऊन पसरते, म्हणून घड्या सपाट करण्यासाठी कागद ओलसर करण्याचा मोह कटाक्षाने टाळा. चिकटपट्टीही नको.

१९४२ पासूनची अमेरिकी व्ही-मेल पत्रे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी टपाल, मायक्रोफिल्मवरून लहान आकारात छापलेली असतात. त्यांवरून मूळ रेषेच्या जाडीबद्दल निष्कर्ष काढू नका.