कुरवाळताना मांजर चावते तेव्हा
मांडीवर स्वतःहून येणारी आपली मांजर अचानक चावते असे आपल्याला वाटते, परंतु त्यापूर्वी तिच्या शेपटीचे टोक फटकारू लागते, पाठीची कातडी थरथरते आणि कान मागे वळतात; हात तेव्हाच थांबवावा. गाल व हनुवटी कुरवाळलेली बहुतेक मांजरींना आवडते, पोट मात्र क्वचितच (ते दाखवणे हे निमंत्रण नव्हे, हे मला ओरखडे खाऊनच कळले). पूर्वी शांत असलेली मांजर ठरावीक जागी हात लागताच चावू लागली, तर सांधेदुखी किंवा जखम असू शकते, म्हणून स्वभावाला दोष देण्याआधी पशुवैद्यांना दाखवावे. दात रुतल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.